उत्तर येईपर्यंत उठायचं नाही

आपलं गाव नकाशात नाही याचं वाईट वाटून घेणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. गोरिसला त्याचं काहीच वाटत नसे. जर्मनीत आखनला आमच्या घरमालकीण फ्राऊ हेन्सेल यांच्याकडे एक जाडजूड जुना नकाशासंग्रह होता. गोरिस राहायला आला त्या संध्याकाळी बाईंनी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडला आणि म्हणाल्या, "दाखवा बघू तुमचं गाव." गोरिसने इंडोनेशियाचं पान काढलं आणि फ्लोरेस बेटाच्या पूर्वेला बोट टेकवलं. तिथे नुसता निळा रंग होता. मग त्याने बशीतला पावाचा एक कण उचलून त्या निळ्यावर ठेवला. "हे आमचं बेट. इकडे डोंगर आहे, तो धूर सोडतो. आणि इकडे खाली आम्ही." बाईंनी चष्मा लावून तो कण नीट पाहिला आणि गंभीरपणे मान डोलावली.

ही साठ सालाच्या आगेमागेची गोष्ट. मी आणि बापट, दोघेही पुण्याचे, तिथल्या टेक्निशे होखशूलेत, म्हणजे तंत्रविद्यालयात, शिकत होतो; मी यंत्रांकडे, बापट विजेकडे. बाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाडेकरूंसाठी तीन खोल्या आणि एक सामाईक स्वयंपाकघर होतं. बाईंचे यजमान युद्धावर गेले ते परतले नव्हते. तिसऱ्या खोलीत इंडोनेशियन येणार हे कळल्यावर बापटाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आता इथे काय काय शिजेल देव जाणे," तो म्हणाला. स्वतः बापट रोज हिंगमोहरीची फोडणी करून सगळा जिना दणाणून सोडायचा, ते त्याच्या हिशेबी नव्हतं.

गोरिस बुटका होता, पण खांदे असे की बाईंच्या अरुंद जिन्यावर त्याला थोडं तिरकं होऊन चढावं लागे. ते खांदे वल्ही मारून झालेले. केस कुरळे, आवाज मऊ, आणि जर्मन एखाद्या पाद्र्यासारखं, कारण ते तो पाद्र्यांकडूनच शिकला होता. त्याच्या गावात जर्मन मिशनची शाळा होती. तिथल्या पाटर अँटोन या पाद्रीबाबांनी हुशार पोर हेरलं, आधी दुसऱ्या बेटावरच्या हायस्कुलात घातलं आणि शेवटी शिष्यवृत्ती मिळवून आखनला पाठवलं. विषय पाण्याचा: धरणं, कालवे, नळ. बापट पहिल्याच आठवड्यात त्याला 'गोरे' म्हणायला लागला. गोरिसनेही ते नाव तक्रार न करता घेतलं, फक्त बापटाला उलट काय म्हणायचं हे त्याने मला विचारून ठेवलं. मी सांगितलं, "अण्णा म्हण." बापटाला घरी कोणी अण्णा म्हणत नव्हतं, पण तो खूष झाला.

पाणी वाहताना गोरिसला बघवत नसे. बापट दाढी करताना नळ सोडून गाणं म्हणायचा. गोरिस न बोलता येऊन नळ बंद करी आणि न बोलता परत जाई. आखनला पाऊस म्हणजे रोजचं रडगाणं. तरी पहिले कित्येक दिवस आभाळ भरून आलं की हा बाईंच्या बादल्या मागच्या अंगणात नेऊन मांडायचा. बाईंनी एकदा विचारलं, "हेर गोरिस, नळाला पाणी नाही का?" तो ओशाळला. म्हणाला, "आहे. जा, जा, आहे. पण हेही आहे ना." ('जा' म्हणजे जर्मनमध्ये 'हो'.)

गावी त्याची आई ओहोटीला समुद्रकाठच्या वाळूत खड्डा खणायची आणि त्यात झिरपणारं मचूळ पाणी करवंटीने भरून आणायची. गोड पाण्याचा झरा वर डोंगरात होता, पण तो डोंगरावरल्या गावाचा. ते लोक मका पिकवत, हे लोक मासे धरत. बाजाराच्या दिवशी इकडच्या बायका सुके मासे घेऊन वर चढत आणि मका घेऊन उतरत. देवाणघेवाण एवढीच. बाकी दोन्ही गावांचं आजोबांच्या वेळेपासून फारसं बरं नव्हतं. रस्ता नाही, दिवे नाहीत, महिन्याकाठी एखादं शिडाचं गलबत आलं तर आलं. शाळा शिकलेली पोरं गलबतात बसून जात आणि बहुतेक तिकडचीच होत.

"मग तुम्हाला काय हवंय ते सरळ आहे," बापट म्हणायचा. त्या काळी आमच्या सगळ्यांच्याच डोक्यात धरणं आणि पोलाद होतं. "होडीला मोटार बसवा, माशांना बर्फ आणा, धक्का बांधा. दहा वर्षांत गाव ओळखू येणार नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर," गोरिस म्हणायचा. "ओळखू येणार नाही." आणि पुढे, "मोटार आली की वल्ह्यांची गरज नाही. मग वल्हं मारणाऱ्याचा वाटा कुणाचा? शीड विणणाऱ्या बाईचा वाटा कुणाचा? मोटारवाल्याचाच ना सगळा?"

"म्हणजे आहे तसंच राहू द्यायचं? छान आहे तुमचं गाव?"

गोरिस चिडलेला मी फार थोड्या वेळा पाहिला, त्यातली ही एक. "माझी आई मचूळ पाणी पिऊन म्हातारी झाली, अण्णा. माझ्या दोन बहिणी जुलाबाने गेल्या. त्यात छान काय आहे?" त्याला एकच गोष्ट नक्की ठाऊक होती: झऱ्याचं पाणी नळाने खाली आणायचं. त्यापुढचं त्यालाही ठरवता येत नव्हतं, आणि येत नाही असं तो सरळ सांगायचा. आमच्या त्या आत्मविश्वासाच्या दिवसांत हे मला फार चमत्कारिक वाटायचं. आता त्याच्याबद्दल मला जो आदर आहे तो बराचसा त्यामुळेच आहे.

वाट्याचं त्याच्या डोक्यातून कधी गेलं नाही. शुक्रवारी बाजारातून तो एक मोठा मासा आणी, तळे, आणि मग त्याची वाटणी सुरू होई. बाजारात जायला सायकल माझी, म्हणून एक तुकडा मला. तवा बापटाचा, म्हणून एक त्याला. (बापट पुण्याला मासे खात नव्हता, दुसऱ्या हिवाळ्यात खायला लागला.) शेगडी बाईंची, म्हणून एक त्यांना. आणि मग आणखी एक तुकडा, तोही बाईंना. पहिल्यांदा बाई म्हणाल्या, "मला मिळाला की." गोरिस म्हणाला, "तो शेगडीचा. हा विधवेचा. आमच्याकडे प्रत्येक होडीतून विधवांचा वाटा निघतो, तो कोणी उपकार म्हणून देत नाही." बाई बशी घेऊन आत गेल्या आणि त्या संध्याकाळी बाहेर आल्या नाहीत. मला वाटलं, दुखावल्या. पण पुढच्या शुक्रवारपासून माशाबरोबर उकडलेले बटाटे त्यांच्याकडून यायला लागले. गोरिसच्या स्वतःच्या बशीत बहुधा शेपूट असायचं.

त्याच्या गावची दुसरी एक चाल आम्हाला त्याच्यामुळे अंगवळणी पडली. होडी रिकामी परतायला लागली की गावात कोणी हवेला किंवा जाळ्याला दोष देत नाही. सगळे होडीपाशी बसतात आणि विचारतात, "कोण कोणाशी भांडलंय?" भांडण सापडलं की ती दोन माणसं नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, दोन बाजूंना वाळूत बसतात. एकाने बोलायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, आणि उत्तर येईपर्यंत पहिल्याने उठायचं नाही. मग दोघांनी गोड्या पाण्याने चूळ भरून टाकायची. जिथे प्यायला गोडं पाणी नाही, तिथे त्या चुळीसाठी मात्र प्रत्येक घरात एक बुधला भरून ठेवलेला असतो.

एकदा त्याच्या प्रयोगशाळेत कालव्याची मोठी प्रतिकृती काही केल्या चालेना. पाणी मध्येच तुंबायचं. प्राध्यापकांसह दहाजण डोकं खाजवत उभे असताना हा मऊ आवाजात म्हणाला, "माफ करा, इथे कोणाचं कोणाशी भांडण आहे का?" सगळे खो खो हसले. नंतर कळलं की पंपातला वायसर झिजला होता. आम्ही त्याची पुष्कळ चेष्टा केली. त्यावर त्याचं म्हणणं, "वायसर बदलला हे बरंच झालं. पण दोन असिस्टंट महिनाभर बोलत नाहीत, ते मी पाहिलंय. ते अजून तसंच आहे."

घरात मात्र त्याने ते चालवून दाखवलं. बापटाच्या फोडणीचा वास बाईंच्या धुतलेल्या पडद्यांना लागला. बाईंनी त्याच्याशी बोलणं टाकलं, आणि बापट, पुणेकर तो, त्याने सॉरी न म्हणता फोडणीत हिंग वाढवला. आठवडाभर जिन्यात दोघे एकमेकांना भिंत समजून जात-येत. शेवटी गोरिसने शेगडीच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या ठेवल्या, एकीवर बाईंना बसवलं, एकीवर बापटाला. बाई पडद्यांवर बोलल्या, अगदी आईच्या वेळच्या पडद्यांपासून. बापट गप्प. दहा मिनिटं झाली. बाई उठायला लागल्या तर गोरिस म्हणाला, "नाही फ्राऊ हेन्सेल, अजून उत्तर आलं नाही." शेवटी बापट म्हणाला, "मला घरची आठवण येते म्हणून मी फोडणी करतो." असलं काही तो आमच्यापाशी कधी बोलला नव्हता. मग त्या दोघांनी मोरीपाशी उभं राहून चुळा भरल्या. फ्राऊ हेन्सेल यांच्यासारखी करड्या शिस्तीची बाई चूळ टाकताना मी पाहिली आहे. शनिवारी, खिडकी उघडी ठेवून, फोडणीला परवानगी मिळाली.

गोरिसचा आखनमधला शेवटचा हिवाळा आला. परीक्षा उत्तम झाली होती. स्टुटगार्टच्या एका पंपाच्या कारखान्याने त्याला नोकरी देऊ केली होती. त्याचा बेत पक्का होता: दोन वर्षं नोकरी करायची, नळ आणि पंप स्वस्तात मिळवायचे आणि जहाजाने गावी पाठवायचे. पुढे जमलं तर जर्मनीतच राहून बाकीच्या गावांसाठी असंच करत राहायचं. आम्हाला तो बेत एकदम पसंत होता.

त्याच सुमारास पाटर अँटोन आखनला आले. जुन्या मलेरियाने पार खंगले होते, मिशनच्या इस्पितळात उपचार चालू होते. एका रविवारी दुपारी ते आमच्या स्वयंपाकघरात बसले. गोरिसने त्यांना कॉफी दिली आणि आई कशी आहे ते विचारलं. आई बरी होती. मग पाटर म्हणाले, "तुझ्या भावाची होडी दोन हंगाम पाण्यात उतरलेली नाही."

हे भांडण आम्हाला तोवर ठाऊक नव्हतं. वडील गेल्यावर होडीच्या नाळेवरची, भाला फेकायची जागा गोरिसची होती. ती बापाकडून मुलाकडे जाते. थोरल्या भावाला डोळ्यांनी कमी दिसे, म्हणून तो सुकाणूवर. गोरिस जर्मनीला शिकायला निघाला त्या दिवशी किनाऱ्यावर दोघांची जुंपली आणि गोरिस सगळ्यांसमोर, होडीसमोर, ओरडला, "ही होडी कुजली तरी मला काही नाही!" आणि गलबतात चढला. पुढे काही वर्षं बरी गेली. मग मासे कमी झाले. लोक होडीपाशी बसले, विचारणा झाली, आणि थोरला भाऊ म्हणाला, "भांडण माझंच आहे. पण अर्धं इथे आहे आणि अर्धं जर्मनीत." तेव्हापासून होडी छपराखाली होती. वल्हेकऱ्यांपैकी दोघे दुसऱ्या बेटावर मळ्यात मजुरीला गेले, आणखी जाणार होते. त्या होडीवर वाटा असलेली घरं, त्यातल्या विधवांची आधी, नुसत्या मक्यावर होती. मासे नाहीत म्हणून मकाही कमीच.

"प्रवाह बदलला असेल," गोरिस हसून म्हणाला. "मासे दुसरीकडे गेले असतील."

"असेल," पाटर म्हणाले. "मीही त्यांना तेच सांगितलं."

त्या शुक्रवारी मासा आला नाही. तो जेवेना, रात्री खोलीत फेऱ्या मारताना ऐकू यायचा. आमच्या दृष्टीने उत्तर अगदी सोपं होतं. बापटाने तर हातच घातला. "एवढ्यासाठी तिथवर जाऊन नोकरी घालवायची? तुझे शब्द तिथे गेले म्हणजे झालं ना?" विद्यापीठातून त्याने एक टेपरेकॉर्डर मागून आणला. बेत असा की गोरिसने माफी टेपवर बोलायची, पाटर परत जाताना ती टेप नेतील, मिशनच्या दवाखान्यात जनरेटर आहे, तिथून तार ओढून होडीसमोर ती वाजवायची. पाटरही म्हणाले, करून बघायला हरकत नाही. गोरिसलाही ते पटलं. नव्या युगातली माणसं होतो आम्ही, आणि तोही होता.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही जमलो. टेबलावर रेकॉर्डर, पाटर एका बाजूला, बाई हात पुसत दारात. गोरिसने अंघोळ करून पांढरा सदरा घातला होता. बापटाने कळ दाबली, चाकं फिरायला लागली. गोरिस आपल्या भाषेत बोलू लागला. आम्हाला एक अक्षर कळलं नाही, पण सुरुवातीचा आवाज वेगळा होता आणि नंतरचा वेगळा. त्याच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं आणि तो ते पुसत नव्हता. चार-पाच मिनिटांनी तो थांबला.

बापटाने कळ बंद करायला हात पुढे केला. गोरिसने तो हात धरला.

आम्हाला वाटलं, आणखी काही बोलायचं असेल. तो बोलेना. रेकॉर्डरकडे पाहत तसाच बसून राहिला, दोन्ही हात मांड्यांवर. चाकं फिरत होती. एकदा बाईंची किटली शिट्टी वाजवायला लागली, ती त्यांनी धावत जाऊन उतरवली. पाटर अँटोन यांनी डोळे मिटून घेतले होते; त्यांना कळलं असावं. मला कळायला वेळ लागला. तो भावाच्या उत्तराची वाट पाहत होता. यंत्रातून उत्तर येणार नाही हे त्याला आमच्याइतकंच कळत होतं, पण बोलून झाल्यावर उठायचं कसं हे त्याला कळत नव्हतं. शेवटी टेप संपली, तिचं टोक फटफट आपटत फिरत राहिलं, आणि बापटाने हळूच कळ बंद केली.

"नाही होत, अण्णा," गोरिस म्हणाला. "मला इथून उठताच येत नाहीये." मग बाईंनी येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो उठला.

जायचं ठरलं. बापट चिडला, खरंच चिडला. "एका होडीसाठी तू सगळ्या गावाचं पाणी घालवतोयस," तो म्हणाला, आणि मला अजूनही वाटतं की त्याच्या म्हणण्यात चूक नव्हती. गोरिसनेही ते खोडून काढलं नाही. "असेलही," तो म्हणाला. "पण वरच्या गावाकडे मी झरा मागायला जाणार, तेव्हा ते पहिलं हेच विचारतील, तुझं तुझ्या घरी कसं आहे?" कारखान्याने समंजसपणा दाखवून जागा आठ महिने राखून ठेवायचं कबूल केलं. ऑक्टोबरात परत यायचं, असं आमच्यात ठरलं. ठरलं म्हणजे आम्ही ठरवलं आणि तो "जा, जा" म्हणाला.

पुढचं मला पाटर अँटोन यांच्याकडून कळलं, ते पुन्हा आजारी पडून आले तेव्हा. गोरिस आणि भाऊ नाळेच्या दोन बाजूंना बसले. गोरिस बोलला. भाऊ सकाळपासून ऊन कलेपर्यंत एक शब्द बोलला नाही. गाव तिथेच बसून होतं; बायकांनी पोरांना तिथेच भरवलं. आणि मग भावाने तोंड उघडलं ते शिव्यांनी. आईला सोडून गेलास, वडिलांची चांगली सुरी घेऊन गेलास, तिथून एकदा माणूस पाठवला नाहीस. तो जसजसा ओरडत गेला तसतसे लोक निवांत होत गेले, असं पाटर म्हणाले. दोघांनी चुळा भरल्या. दुसऱ्या दिवशी होडी समुद्रात गेली आणि रिकामी परत आली. तिसऱ्या दिवशीही रिकामीच. मासे यायचे तेव्हाच आले. पण मळ्यात जायला निघालेले आणखी दोघे वल्हेकरी थांबले होते.

हे सगळं पुढचं. त्या फेब्रुवारीत आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्ही त्याला पोचवायला स्टेशनवर गेलो तेव्हा ऑक्टोबरच्याच गोष्टी चालल्या होत्या. त्याची खोली कुणाला द्यायची नाही, असं बाईंनी ठरवलं होतं. बापटाने राग गिळून जिनोआ बंदरापर्यंतच्या प्रवासाला पुरेल एवढा डबा करून दिला होता. थंडी मरणाची होती. पहिल्या हिवाळ्यात बाईंनी आपल्या यजमानांचा जाड करडा कोट गोरिसला दिला होता, खांद्यात घट्ट आणि खाली घोट्यापर्यंत येणारा, तोच त्याच्या अंगावर होता.

गाडी आली. तो चढला, सामान लावलं, खिडकी खाली केली. मग त्याने तो कोट काढला. गाडीतल्या गाडीत बाह्या आत मुडपून त्याची नीट घडी केली आणि खिडकीतून बाईंच्या हातात दिली. आता तो नुसत्या सदऱ्यावर होता आणि तोंडातून वाफ येत होती.

"अहो, हे काय?" बाई म्हणाल्या. "जिनोआपर्यंत तरी घाला."

"गाडीत ऊब आहे, फ्राऊ हेन्सेल. आणि पुढे लागत नाही."

"पण ऑक्टोबरात इथे उतराल तेव्हा लागेल. तेव्हा काय घालाल?"

शिट्टी झाली. गोरिसने बाईंच्या कोट धरलेल्या हातांवर आपले दोन्ही हात ठेवले. गाडी हलली तसे ते सुटले. तो खिडकीतून आमच्याकडे पाहत होता, हसत नव्हता, हातही हलवत नव्हता. सदऱ्याची पांढरी बाही बराच वेळ दिसत राहिली. मग गाडी वळली.

फलाट रिकामा झाला. बापट म्हणाला, "चला फ्राऊ हेन्सेल, गारठाल."

बाईंनी कोट छातीशी धरला होता आणि त्या रुळांकडे पाहत होत्या. "थांबा जरा," त्या म्हणाल्या. "मी त्यांना काहीतरी विचारलंय."